बांबुळीच्या पंडितांची सून

स्मरणिकेसाठी एखाद्या स्त्रीचे चरित्र लिहायचे म्हटले की महाप्रजापती गौतमी, सावित्रीबाई फुले, माता रमाई ही नावे आधी पुढे येतात, आणि ती यायलाच हवीत. या खेपेस आम्ही मात्र एक वेगळे नाव घेतले आहे. विजयालक्ष्मी पंडित. काही वाचक विचारतील, नेहरूंच्या घरात जन्मलेली, आनंद भवनात वाढलेली ही बाई विहाराच्या स्मरणिकेत कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला आमच्याकडे दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर असे की, ही बाई आपल्या जिल्ह्याची सून होती. दुसरे उत्तर जरा मोठे आहे. पुढे जगाच्या सभेची अध्यक्ष झालेल्या या बाईला, नवरा वारल्यावर, त्या वेळच्या कायद्याने तीन मुलींसह रिकाम्या हाताने उभे केले होते. आणि तोच कायदा मुळापासून बदलावा म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी आपली तब्येत खर्ची घातली व शेवटी मंत्रिपद सोडले. म्हणजे या चरित्राचा धागा आपल्यापर्यंत येतो तो असा.

कुडाळ तालुक्यात बांबुळी नावाचे गाव आहे. मालवणहून कुडाळला जाणारी आपली माणसे ते नाव ऐकून असतात, पण या गावाचा संयुक्त राष्ट्रांशी काही संबंध आहे हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पंडित घराणे मूळचे या बांबुळीचे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. घराण्यातले सीताराम नारायण पंडित वकिलीसाठी काठेवाडात राजकोटला गेले व तिथेच नावारूपाला आले. त्यांचे चिरंजीव रणजित पंडित यांचा जन्म १८९३ चा. रणजित परदेशात शिकून बॅरिस्टर झाले, पण त्यांचा खरा ओढा संस्कृतकडे. काश्मीरच्या राजांचा इतिहास सांगणारा कल्हणाचा राजतरंगिणी हा ग्रंथ त्यांनी इंग्रजीत आणला. तो १९३५ साली प्रसिद्ध झाला.

मुलगी होती अलाहाबादची. १८ ऑगस्ट १९०० चा जन्म. नाव स्वरूपकुमारी, घरातले लाडाने नान म्हणत. वडील मोतीलाल नेहरू नामांकित वकील, थोरले भाऊ जवाहरलाल. घरी इंग्रज शिक्षिका ठेवलेली, त्यामुळे शाळा-कॉलेजची पायरी तिने चढलीच नाही. पदवी नाही, परीक्षा नाही. हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पुढे मोठमोठ्या विद्यापीठांनी या बाईला मानाच्या पदव्या दिल्या, पण श्रीमंत घरातसुद्धा त्या काळी मुलीने रीतसर शिकलेच पाहिजे असे कोणाला वाटत नव्हते.

१९२१ साली तिचे रणजित पंडितांशी लग्न झाले. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सून घरात आली की तांदळात नवे नाव लिहायचे. सासरच्या या रीतीने स्वरूपकुमारीची विजयालक्ष्मी झाली. साऱ्या जगाने ज्या नावाने तिला ओळखले ते नाव असे मराठी सासरचे. पंडितांच्या घरी बोलली जाणारी भाषा वेगळी, स्वयंपाक वेगळा, चालीरीती वेगळ्या. काश्मिरी मुलीचा कोकणातल्या घराशी संसार जुळला आणि चांगला जुळला. चंद्रलेखा, नयनतारा व रीता अशा तीन मुली झाल्या. नयनतारा सहगल या पुढे इंग्रजीतल्या नामवंत लेखिका झाल्या.

रणजितरावांनी काही वर्षे कलकत्त्याला वकिली केली. मग स्वातंत्र्याच्या चळवळीसाठी ती सोडून कुटुंब अलाहाबादला आले. नवरा-बायको दोघेही तुरुंगात जाऊ लागली. विजयालक्ष्मीबाई १९३२, १९४० आणि १९४२ अशा तीन वेळा तुरुंगात गेल्या. लहान मुली मागे ठेवून आई तुरुंगात जाते तेव्हा घरातल्या पैशाअडक्यापेक्षा मोठी किंमत मोजावी लागते, हे चळवळीत उतरलेल्या आपल्या बायाबापड्यांना वेगळे सांगायला नको.

तुरुंगाच्या फेऱ्यांमध्येच त्यांचे राजकारण सुरू झाले. आधी अलाहाबादच्या नगरपालिकेत त्या निवडून आल्या व शिक्षणाचे काम पाहू लागल्या. १९३७ साली प्रांतांच्या निवडणुका झाल्या. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, काँग्रेसचे सरकार आले. त्या सरकारात स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य ही खाती विजयालक्ष्मीबाईंकडे आली. भारतात मंत्री झालेली ही पहिली स्त्री. १९३९ साली काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले तेव्हा त्यांनीही खुर्ची सोडली. पुढे अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, आणि १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात त्यांनी मदतीचे काम केले.

त्याच वेळी रणजितराव तुरुंगात आजारी पडले. प्रकृती फारच ढासळली तेव्हा सरकारने त्यांना सोडले, पण उशीर झाला होता. १४ जानेवारी १९४४ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले. वय जेमतेम पन्नास.

आता इथे थोडे थांबून नीट बघू या. रणजितरावांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. मुलगा नव्हता, तीन मुलीच. वडिलोपार्जित इस्टेटीवर हक्क कोणाचा? त्या वेळच्या हिंदू कायद्याचे उत्तर सरळ होते. मुलगा असता तर त्याचा. नाही, म्हणून घरातल्या इतर पुरुषांचा. विधवांसाठी १९३७ साली एक कायदा झाला होता खरा, पण त्यातला हक्क हयातीपुरता, तोही शेतजमिनीला सरसकट लागू नाही, आणि मुलींच्या वाट्याला तर काहीच नाही. सासरच्या माणसांशी वाद उभा राहिला. कुटुंबाच्या मालमत्तेत आपल्याला व आपल्या मुलींना कायद्याने काही हिस्सा नव्हता, असे बाईंनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे.

बघा, ही बाई कोण होती? माजी मंत्री. मोतीलाल नेहरूंची मुलगी. भाऊ उद्याचा पंतप्रधान. घरात वकील आणि बॅरिस्टर यांचीच गर्दी. तरीही कायद्याच्या पुस्तकासमोर ती फक्त एक निपुत्रिक विधवा. चेडवांची आवस! मग खेड्यातल्या बाईची काय गत होत असेल? नवरा मुंबईला गिरणीत मेला की दिराच्या पडवीत एका कोपऱ्यात दिवस काढायचे, हे कोकणाने पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. आपल्या वस्तीत तर वाटून घ्यायलाच फार काही नसायचे. पण जे काही गुंठा-दोन गुंठे असायचे, त्यावरही नाव बाप्याचेच.

बाईंचे मन कडू झाले होते. १९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेला निघाल्या. दोन थोरल्या मुली आधीच तिथे शिकत होत्या. निघण्यापूर्वी त्या गांधीजींचा निरोप घ्यायला गेल्या. सासरच्या माणसांशी समेट झाला का, असे गांधीजींनी विचारले. अन्याय झाला तो आपल्यावर, मग आपण का नमायचे, असे बाईंचे म्हणणे. गांधीजींनी समजावले की मनातला कडवटपणा घेऊन गेलात तर नुकसान तुमचेच होईल. बाईंनी मन घट्ट केले, नवऱ्याच्या भावाला फोन केला, जाऊन भेटून आल्या. मनावरचे ओझे उतरले, असे त्यांनी नंतर सांगितले.

हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. वैराने वैर वाढते ही तथागतांची शिकवण आपण मानतो, तेव्हा बाईंनी मनातले वैर टाकले ते योग्यच केले असे आम्ही म्हणू. पण एवढ्यावर गोष्ट संपवता येत नाही. बाईंचे मन हलके झाले, कायदा होता तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी देशात ज्या कोणा बाईचा नवरा मेला असेल, तिला तोच कायदा लागू झाला असेल. मन बदलण्याचे काम वेगळे आणि कायदा बदलण्याचे काम वेगळे. हे दुसरे काम अंगावर घेतले ते बाबासाहेबांनी.

आणि ही मागणी काही वरून आलेली नव्हती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो महिला जमल्या होत्या, स्वतः बाबासाहेब हजर होते. नवऱ्याने छळ मांडला तर बाईला काडीमोडाचा हक्क हवा, एकावर दुसरी बायको करायला कायद्याने बंदी हवी, असे ठराव तिथे झाले. ज्यांना वर्गात बसू दिले नाही त्या बाया कायदा कसा असावा हे सांगत होत्या. रणजितराव वारले त्याच्या दीड वर्ष आधीची ही गोष्ट.

आता पुन्हा विजयालक्ष्मीबाईंकडे येऊ. अमेरिकेत त्यांनी व्याख्यानांचा दौरा केला. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. हिंदुस्थानचे अधिकृत शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले. बाई त्यात नव्हत्या. त्यांनी सभागृहाबाहेर सभा घेतल्या, वार्ताहरांना गाठले आणि आमच्या देशाच्या वतीने बोलण्याचा या मंडळींना अधिकार नाही असे जगाला सांगितले. दीड वर्षात चित्र पालटले. १९४६ च्या अखेरीस त्याच संयुक्त राष्ट्रांत भारताच्या अधिकृत शिष्टमंडळाच्या प्रमुख म्हणून त्या दाखल झाल्या.

तिथे त्यांनी मांडलेला प्रश्न दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा होता. तिथल्या गोऱ्या सरकारने १९४६ मध्येच कायदा करून भारतीयांनी जमीन कुठे घ्यावी, कुठे घेऊ नये यावर बंधने घातली होती. समोर जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रस्तावनेला ज्यांचा हात लागला होता असे वजनदार पुढारी. हा आमचा घरगुती मामला, असे त्यांचे म्हणणे. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. भारताच्या बाजूने ३२, विरुद्ध १५. दोन तृतीयांश मते मिळाली. देश अजून स्वतंत्र झालेला नव्हता, आणि त्याची प्रतिनिधी असलेल्या एका बाईने एका बलाढ्य सरकारला जगाच्या सभेत हरवले होते. वर्णभेदाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत पुढे जो दीर्घ लढा चालला त्याची ही सुरुवात.

या विजयाचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण आपल्या माणसांनी त्याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. रंगावरून जमीन नाकारणे हा अन्याय, असे बाई सांगत होत्या आणि खरेच सांगत होत्या. त्याच वेळी जातीवरून पाणी नाकारणारा आणि बाईपणावरून जमीन नाकारणारा देश त्यांच्या पाठीशी उभा होता. त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहून, तिथल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा असा विचार चालू होता. दोघांचेही डोळे जगाच्या एकाच दाराकडे लागलेले. मागणे मात्र वेगवेगळे.

देश स्वतंत्र झाला. बाई १९४७ ते १९४९ मॉस्कोला राजदूत, १९४९ ते १९५१ वॉशिंग्टनला राजदूत. इकडे दिल्लीत बाबासाहेब कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलाशी झुंजत होते. मुलीला मुलाबरोबर वाटा, विधवेचा हयातीपुरता हक्क जाऊन पूर्ण मालकी, एकच लग्न, घटस्फोटाची सोय, हे त्या बिलाचे मुख्य मुद्दे. विरोध काही बाहेरच्या मोर्च्यांचाच नव्हता. काँग्रेसच्या बाकांवरूनही होता. पंतप्रधान नेहरूंचा पाठिंबा होता, पण निवडणुका तोंडावर आल्या आणि सप्टेंबर १९५१ मध्ये चारच कलमे संमत होऊन बिल बाजूला पडले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणे इतरही होती, पण हे बिल त्यातले मोठे कारण. ज्या पंतप्रधानाची सख्खी बहीण या जुन्या कायद्याने पोळली होती, त्याच्याच कारकिर्दीत बाबासाहेबांना हा कायदा अर्धवट टाकून बाहेर पडावे लागले. याला काय म्हणावे?

१९५२ साली विजयालक्ष्मीबाई लखनौहून लोकसभेवर निवडून आल्या. १५ सप्टेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्यांना अध्यक्ष निवडले. त्या जागेवर बसलेली जगातली ही पहिली स्त्री. तोवर कोणत्याही देशात बाई निवडणुकीने पंतप्रधान झालेली नव्हती. ते पुढे १९६० साली, शेजारच्या सिलोन या बौद्ध देशात, सिरिमावो बंदरनायके यांच्या रूपाने झाले. आमसभेला दुसरी महिला अध्यक्ष मिळायला तर १९६९ साल उजाडावे लागले. त्या होत्या लायबेरियाच्या अँजी ब्रूक्स. म्हणजे मधली सोळा वर्षे हे नाव एकटेच होते.

त्यानंतर १९५४ ते १९६१ त्या लंडनला भारताच्या उच्चायुक्त होत्या. त्या लंडनला असतानाच, १७ जून १९५६ रोजी, हिंदू वारसा कायदा अमलात आला. बाबासाहेबांच्या बिलाचे तुकडे करून सरकारने वेगवेगळे कायदे केले, त्यातला हा एक. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर त्याच्या मालमत्तेत विधवा, मुलगा, मुलगी आणि आई यांना सारखा वाटा आणि बाईच्या वाट्याला आले त्यावर तिची पूर्ण मालकी, हे त्यातून मिळाले. विजयालक्ष्मीबाईंना त्याचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी तो बारा वर्षे उशिरा आला. बाबासाहेबांनी तो झालेला पाहिला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. कायदा नावाने हिंदू असला तरी बौद्धांनाही तोच लागू आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते.

२८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. सासरच्या राज्याची ही मोठी नोकरी त्यांनी १९६४ पर्यंत केली. त्याच वर्षी जवाहरलाल गेले. भावाच्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या, १९६७ साली पुन्हा निवडून आल्या आणि १९६८ मध्ये राजीनामा देऊन डेहराडूनला राहायला गेल्या. भाची इंदिराबाई तोवर पंतप्रधान झाल्या होत्या. आत्या-भाचीचे फारसे जुळले नाही. १९७५ साली आणीबाणी आली. १९७७ च्या निवडणुकीत शहात्तर वर्षांच्या विजयालक्ष्मीबाई घराबाहेर पडल्या आणि विरोधी बाजूच्या प्रचारात उतरल्या. रक्ताच्या नात्याविरुद्ध व्यासपीठावर उभे राहणे सोपे नसते. लोकांचे हक्क नात्यापेक्षा मोठे असे त्यांनी मानले. १९७९ साली त्यांचे आत्मचरित्र आले. १ डिसेंबर १९९० रोजी डेहराडूनला त्यांनी शेवटचा श्वास घेतला.

चरित्र संपले, पण आम्हाला जे सांगायचे आहे ते अजून थोडे उरले आहे. आज आपल्या जिल्ह्यात बायका सरपंच आहेत, सभापती होतात. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. बाई खुर्चीवर बसली याचा आनंद आहेच. पण विजयालक्ष्मीबाईंच्या आयुष्याने दाखवून दिले की खुर्ची असूनही पायाखालची जमीन दुसऱ्याची असू शकते. वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानेच लेकाइतका हक्क मिळायला पुन्हा वर्षे लागली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाऊल टाकले, सबंध देशासाठी २००५ मध्ये दुरुस्ती झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेली शंका दूर केली.

कायदा झाला, आणि कोकणात आपण काय करतो? बाप वारला की वारस नोंदीच्या वेळी बहिणींना गावाला बोलावतात, मासे-भात होतो, साडी-चोळी होते आणि जाता जाता हक्कसोडपत्रावर सही होते. सही केली नाही तर माहेर तुटेल या भीतीने ती करते. भाऊही वाईट नसतो हो, पिढ्यान् पिढ्या असेच चालले म्हणून तोही तसाच वागतो. बहीण स्वखुशीने सोडत असेल तर तो तिचा हक्क. पण काय सोडते आहे हे तिला कोणी वाचून दाखवते का? सातबाऱ्यावर तिचे नाव एकदा तरी लागू देतो का?

विहारात दर पौर्णिमेला आपण जमतो. त्यात एखादी पौर्णिमा या कामाला द्यावी असे आम्हाला वाटते. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाने सातबारा आणि वारस कायदा बायकांना समजावून सांगावा, घराघरातल्या फेरफार नोंदी काढून बघाव्यात, कोणाचे नाव राहिले आहे ते पाहावे. जगाच्या सभेची अध्यक्ष झालेल्या बांबुळीच्या सुनेला जे मिळाले नाही, ते आपल्या लेकीसुनांसाठी आज कायद्यात लिहिलेले आहे. ते बाबासाहेबांच्या झुंजीतून आले आहे. घरच्या लेकीला विचारल्याशिवाय आणि वाचून दाखवल्याशिवाय कागदावर तिची सही घेऊ नये, एवढे जरी या वर्धापनदिनी आपण ठरवले तरी पुष्कळ झाले.